कार्डावरचा रिकामा रकाना

आई हिरव्या चोळीचा खण पदराखाली लपवून घेऊन आली, तेव्हा मी तिच्या अंगावर ओरडलो. माझ्या बायकोला तिसरा महिना होता. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात गर्भारणीला गुपचूप चोळी देतात, तिला चोरचोळी म्हणतात. रीत चांगली आहे, रीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण याच आईनं असाच खण मागच्या खेपेला दिला होता, त्याला वर्षही झालं नव्हतं. त्या खणाचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं आणि बायकोलाही माहीत होतं.

"अरं, शुभ हाय," आई म्हणाली.

"खड्ड्यात गेलं तुझं शुभ!" मी म्हणालो.

बोलून गेलो आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली. बायको उठली आणि मागं गोठ्यात जाऊन बसली. मागच्या खेपेचा खण खरंच खड्ड्यात होता. मीच ठेवला होता.

आधी ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही ऊसतोडीला जाणारी माणसं. केजच्या पुढे आमचं गाव. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. त्यात भांडी, शेळ्या, म्हातारीकोतारी सगळं कोंबायचं आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांना जायचं, ते पार उन्हाळा लागल्यावर परत. या धंद्यात नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत घ्यायला बघत नाही. म्हणून आमच्यात बाईला दिवस गेले की पहिला विचार लेकराचा येत नाही, कोयत्याचा येतो. मलाही तोच आला. "कुणाला सांगू नको," मी बायकोला म्हणालो. "दिसायला लागलं तर पदर कसून बांध." हे मुकादमानं सांगितलं नाही, आईनं सांगितलं नाही. मी सांगितलं. तिनं पदर कसून बांधला.

कारखाना सहकारी होता. हंगाम सुरू होताना चेअरमनसाहेब लाउडस्पीकरवरून म्हणाले, हा कारखाना आपल्या सगळ्यांचा आहे. आम्ही मांडवाच्या बाहेर उन्हात बसून ते ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आज आठवलं तरी माझे हात मला नकोसे होतात. जानेवारीत एका दुपारी गाडी भरायची होती. बायको म्हणाली, पाठ लई दुखतीय. मुकादम म्हणाला, तेवढी गाडी भरून द्या, मग खुशाल बसा. आता मुकादमाला शिव्या देणं सोपं आहे, मी पुष्कळ दिल्या. पण उसाची मोळी उचलून तिच्या डोक्यावर कुणी दिली? मी दिली. ती फळीवरून वर चढली, मोळी टाकली, खाली उतरली आणि फडातच बसली.

सातव्या महिन्याचं लेकरू. रडलं नाही. टोळीतल्या बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. लेकरू आलं पण वार अडकून बसली आणि रक्त थांबेना. ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेली म्हणून ती वाचली. ती दवाखान्यात असताना मी कोपीवर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीवर आलो, तिच्या पेटीतला न शिवलेला हिरवा खण काढला, लेकरू त्यात गुंडाळलं आणि कालव्याच्या कडेला एकट्यानं पुरून आलो. वर एक दगड ठेवला. पेटीत खण नाही हे बायकोला नंतर दिसलंच. तिसऱ्या आठवड्यात बायको परत फडात उभी. आणि तिनं मला एकदाही विचारलं नाही, की कुठं पुरलं. एकदाही नाही! मला त्याचा फार राग आला. बाईला काळीज आहे का दगड आहे, असं मी मनात म्हणायचो आणि ऊस तोडायचो. लेकराबद्दल आम्ही दोघं त्या दिवसापासून बोललो नाही.

गावी आल्यावर एकट्या आईला लेकरू गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या म्होरं तोंडातून काढू नको. पोटात टिकत न्हाई म्हणत्याल पोरीला." मग आम्ही तिघांनी मिळून ते लेकरू झालंच नव्हतं असं ठरवून टाकलं.

आणि आता हा दुसरा खण.

त्या साली पाऊस पडलाच नाही. पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं, ओलं फडकं फिरवून त्यांना सजवलं. आमच्या भागातला कारखाना बंदच राहणार होता, कारण उसाचं कांडंसुद्धा नव्हतं. गावात टँकर यायचा आणि त्याच्याभोवती भांडणं व्हायची. मी त्या भांडणांत पुढे असायचो. घरीही तेच. भाकरी करपली, ओरड. उंबऱ्यात चप्पल आली, ओरड. बायकोच्या पोटाकडे मात्र बघायचो नाही. ती समोरून आली की मी दुसरीकडे तोंड फिरवायचो. तिला ते दिसत होतं. मला वाटायचं, दिसत नाही.

आई म्हणाली, सरकारी दवाखान्यात नाव घालून ये. आमच्या गावातच उपकेंद्र होतं, दोन खोल्यांचं, आणि त्यात एक नर्सबाई राहायच्या. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, पायात पुरुषी चपला. पाच गावं त्यांच्याकडे होती. आम्ही तिघं गेलो. बाईंनी गर्भारणीचं कार्ड काढलं, नाव लिहिलं, वय लिहिलं आणि विचारलं, "कितवं?"

"पहिलंच," मी म्हणालो.

बायको फरशीकडे बघत होती. आई म्हणाली, "पहिलटकरीण हाय, संभाळून बघा." बाईंनी पेन थांबवला, बायकोला आतल्या खोलीत नेलं आणि बऱ्याच वेळानं एकट्याच बाहेर आल्या. आईला म्हणाल्या, "मावशी, टँकर आला वाटतं." टँकरचं नाव काढल्यावर आमच्या गावात कोण थांबतंय? आई हंडा शोधायला घराकडे पळाली. टँकर काही आला नव्हता.

"पहिलं हाय म्हणतोस?" बाई माझ्याकडे वळल्या.

"मग?"

"तिच्या पोटावरल्या रेघा जुन्या हायत बाबा. पोट खोटं बोलत न्हाई. नवरा बोलतो."

माझं डोकंच फिरलं. "तुमाला काय करायचंय बाई? सरकारनं सुई टोचायला ठेवलंय, सुई टोचा! आमच्या घरातलं कावून उकरता?" आणखी पुष्कळ बोललो. सरकार काढलं, दवाखाना काढला, त्यांच्या चपलासुद्धा काढल्या. बाई खुर्चीवर बसून कापसाचे बोळे वळत राहिल्या.

"झालं?"

"न्हाई झालं!"

"मग आणखी वरड. माझ्यावर वरड, मला पगार हाय. भाईर लिंबाखाली बस, रोज ये आणि पोटभर वरडून जा. पण घरी तिच्यावर वरडायचं न्हाई. आणि मोकळ्या हातानं येऊ नको. टँकरवाला हिकडं यायला इसरतो. येताना दोन हंडे पाणी आण."

मग त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "कितवं" या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणाल्या, "तिनं मला समदं सांगितलंय. रजिस्टरात लिहिलंय मी. कार्डावर लिहू नका म्हणून तिनं माझे हात धरले. तुझी आई कार्ड कुणाकडून तरी वाचून घेती म्हणं, आणि ही भाईर बोलली हे तिला कळंल. पण आता नीट ऐक. एकदा वार अडकली, की फुडल्या खेपेलाबी अडकू शकती. बाळंतपण केजच्या दवाखान्यातच करायचं, आणि तिथं डॉक्टरला हे आधी कळाय पाहिजे, म्हणजे ते तयारीत राहत्याल. न्हाई कळलं तर बाई हातची जाईल. मी त्या वक्ताला संगं असंनच असं न्हाई. म्हणून ते तुझ्या तोंडातून आलं पाहिजे."

मी उठून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मात्र दोन हंडे घेऊन गेलो. कशाला गेलो? रागातच गेलो, हंडे त्यांच्या दारात आपटायला. अर्धं पाणी सांडलं. बाई म्हणाल्या, "उद्या भरून आण." तिसऱ्या दिवशी भरून नेले. मग रोजचंच झालं. लिंबाखाली बसायचं आणि तोंड सोडायचं. मुकादम झाला, चेअरमन झाला, पाऊस झाला, देव झाला. आमच्या घरातले कुणी लेकरासाठी कपिलधारला नवस बोलले होते, तेही मी उकरून काढलं. बाई आतबाहेर करत आपलं काम करायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "हं, फुडं?" मला वाटायचं, ही बाई बहिरी आहे का काय.

एक दिवस सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. बाई म्हणाल्या, "हं, फुडं?"

"मोळी मी दिली," मी म्हणालो. "तिच्या डोक्यावर. मीच दिली."

बाई बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, तुझी काही चूक नाही बाबा. तसं म्हणाल्या असत्या तर मी परत कधी तिकडे फिरकलो नसतो. त्या म्हणाल्या, "दिलीस. ते काय आता बदलत न्हाई. फुडल्या येळंला काय देणार ते बोल." आणि त्या दिवसापासून त्यांनी माझी उजळणी सुरू केली. चष्मा नाकावर घेऊन डॉक्टर व्हायच्या.

"कितवं बाळंतपण?"

"दुसरं."

"पहिलं कसं झालं?"

"सातव्या म्हयन्यात. फडात. वार अडकली. लई रक्त गेलं."

"मोठ्यानं म्हण. केजच्या दवाखान्यात गर्दी असती."

शाळेतले पाढे मला कधी आले नाहीत, पण हे पाठ झालं. लाज वाटायची, रस्त्यानं कुणी जात असलं की आवाज आत जायचा. एकदा बाईंनी मधेच विचारलं, "लेकरू काय होतं? मुलगा का मुलगी?" मी रिकामे हंडे उचलले आणि चालायला लागलो. त्यांनी परत कधी विचारलं नाही. रिकाम्या रकान्याचंही तसंच. "भरा आता" एवढं म्हणायला पाहिजे होतं मला. आईच्या भीतीनं म्हणालो नाही. चोवीस वर्षांचा घोडा आणि आईला भ्यायचा!

दसऱ्यानंतर मुकादम आला. त्यानं बायकोकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "पाचवा-सहावा म्हयना म्हणजे काय बे? बाया फडात बाळंत होत्यात आन् पाचव्या दिशी कोयता धरत्यात. न्हाईतर मेव्हणीला आण जोडीला. अर्धा कोयता मला न्हाई चालायचा." मी त्याची गचांडी धरली. आईनं आणि शेजाऱ्यांनी सोडवलं. आईला माझं काहीच पटलं नाही. दुष्काळात गावात राहून खायचं काय, माती? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दोन हंडे घेतले आणि बाईंकडे गेलो.

"जाऊ का राहू?"

"मला कावून इचारतोस? पोट तिचं हाय, तिला इचार."

बायकोला असं काही विचारायची आमच्या घराण्यात पद्धत नव्हती. संध्याकाळी ती चुलीपुढे होती. मी उंबऱ्यात बसून विचारलं, "जायचं का तोडीला? तुला मोळीचं भ्या वाटतं का?"

तिनं भाकरी उलटली. "मोळीचं न्हाई वाटत," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं बघत न्हाई, त्याचं वाटतं. मागल्यावानी झालं तर तुमी मला घरात ठिवणार न्हाई, असं वाटतं."

मला तिथंच कुणीतरी कानाखाली वाजवावी असं झालं. ती असं काही मनात धरून बसली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी म्हणालो, "यडी का खुळी तू?" आणि मग म्हणालो, "आपुन जात न्हाई." त्या साली टोळी आमच्याशिवाय गेली.

दिवाळीनंतर तालुक्याच्या सहकारी संघानं जनावरांसाठी चारा छावणी काढली, तिथं मला काम मिळालं. काम काय, तर पश्चिमेकडून आलेल्या ट्रकमधून ऊस उतरवायचा आणि गुरांपुढे टाकायचा. जिकडे जावं तिकडे ऊसच. मी चडफडत उतरवायचो. पण घरी ओरडायचो नाही, तेवढं पाळलं. आणि बायकोच्या पोटाकडे बघायला लागलो. आधी चोरून बघायचो, मग उघड.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी नर्सबाई लस टोचायला लांबच्या गावी गेल्या होत्या. त्या म्हणाल्याच होत्या तसं. मी जीप थांबवली, दोन माणसं खाली उतरवून बायकोला आडवी घातली आणि आईला घेऊन केज गाठलं. दवाखान्यात खरंच गर्दी होती. डॉक्टरीणबाई घाईघाईनं आल्या आणि त्यांनी कार्ड बघितलं.

"इथं लिहिलेलं नाही. पहिलटकरीण का?"

"व्हय, व्हय, पहिलटकरीण," आई म्हणाली.

बायको डोळे मिटून होती. तिनं ओठ दातांखाली धरला होता. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. इतके महिने लिंबाखाली बोंबललो होतो, आणि आता घशातून शब्द येईना! आईनं माझा हात दाबला. तो हात मी झटकला.

"न्हाई!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की सगळ्या रांगेनं वळून बघितलं. "दुसरं हाय. पहिलं सातव्या म्हयन्यात झालं. फडात. वार अडकली. लई रक्त गेलं." पाठ केलेलं तिथं संपलं. मी थांबलो नाही. "मुलगी होती," मी म्हणालो. "मीच पुरली."

हे कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी आतल्या बायांना भराभर सांगितलं, सलाईन लावा, रक्ताचा गट बघा, बाटली मागवून ठेवा. जाताना मला म्हणाल्या, "आधी सांगितलंत ते बरं केलंत." मुलगी झाली आणि लगेच रडली, बाहेरपर्यंत ऐकू आलं. वार परत अडकली. आत धावपळ झाली, मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि तासाभरानं एक आया येऊन म्हणाली, बाई बरी आहे. आई तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

सकाळच्या एसटीनं नर्सबाई आल्या. त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या, उशाचं कार्ड घेतलं, पेनाचं टोपण काढलं. आईनं मुलीला मांडीवर घेतलं होतं. रात्रीचं सगळं पुसून टाकायला असेल, ती नातीकडे बघून म्हणाली, "बरं झालं बया. पहिली बेटी, धनाची पेटी."

"दुसरी हाय ती, आत्याबाई," बायको म्हणाली.

सासूला उलट बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आवाज अगदी क्षीण होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. नर्सबाईंनी रकाना भरला आणि कार्ड परत उशाशी ठेवलं. आईनं मुलीच्या अंगावरचं फडकं नीट केलं. मग तिनं मला विचारलं, "कुठं ठिवलीस रं तिला?"

"कालव्याच्या कडंला," मी म्हणालो. "बाभळीखाली."

"बाभळ न्हाई ती," बायको खाटेवरून म्हणाली. "बोर हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुला काय ठाव?"

"दगड दिसला. गाडी भरून झाली की जात हुते मी तिथं. टोळी उठेस्तवर रोज गेलते."

"मग मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

तिनं हात पुढे केले आणि आईनं मुलगी तिच्याजवळ दिली.